पत्नीला मोंबासाचे बोलावणे, आणि घरातले प्रश्न

वाचकांचे प्रश्न : परदेशातील दीर्घकालीन सेवेची तयारी

प्रश्न : सलाम. माझी पत्नी एका मिशन रुग्णालयात अनेक वर्षे नर्स आहे. केनियाच्या किनारपट्टीवर, मोंबासाच्या उत्तरेला, तिथल्या धर्मप्रांतातर्फे चालणाऱ्या एका लहान रुग्णालयाने तिला प्रसूती विभागात तीन वर्षांसाठी बोलावले आहे. आमच्या मंडळीचा, म्हणजे चर्चचा, पाठिंबा आहे. मी माध्यमिक शाळेत गणित शिकवतो; मला बिनपगारी रजा मिळू शकेल, परंतु तिथे माझ्यासाठी कोणतेही काम ठरलेले नाही. मुलगी सहावीत आहे, मुलगा चार वर्षांचा. माझी आई ६८ वर्षांची असून ती सरळच विचारते, "मग माझ्या मातीला कोण येणार?" बायकोच्या पाचारणामागे नवऱ्याने जायचे का, अशी नातेवाइकांत कुजबुज आहे. तयारी कुठून सुरू करावी?
— एक वाचक, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर : तुम्ही पत्राच्या शेवटी जे लिहिले आहे तिथूनच सुरुवात करणे बरे. लस, परवाना, विमा ही कामे वेळ आणि पैसा दिला की मार्गी लागतात. घरातल्या माणसाचे मन मात्र असे मार्गी लागत नाही, आणि ते इथे वळले नाही तर परक्या गावात वळण्याची शक्यता आणखी कमी असते. इंग्लंडहून आलेले मिशनरी विल्यम केरी यांचे उदाहरण आपल्याकडे नेहमी उत्साहाने सांगितले जाते. ते १७९३ मध्ये बंगालमध्ये उतरले आणि १८०५ मध्ये त्यांनी मराठीचे व्याकरण छापले, हे आपण अभिमानाने सांगतो. त्यांच्या पत्नी डोरोथी यांनी आधी येण्यास साफ नकार दिला होता आणि बहीण सोबत येत असेल तरच येईन, या अटीवर अगदी ऐनवेळी त्या निघाल्या, हे मात्र आपण फारसे सांगत नाही. १७९४ मध्ये त्यांचा पाच वर्षांचा मुलगा पीटर वारला. त्यानंतर डोरोथी यांचे मानसिक संतुलन बिघडले आणि १८०७ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या सावरल्या नाहीत. तुमच्या घरी जोडीदारांच्या जागा उलट आहेत, इतकाच फरक. तेव्हा 'पत्नीची इच्छा आहे म्हणून जातो' हे उत्तर पुरेसे नाही. मंडळीच्या पंचांसमोर उभे राहण्याआधी तुम्ही दोघांनी एकमेकांना स्पष्ट 'हो' किंवा स्पष्ट 'नाही' सांगितले पाहिजे, आणि 'नाही' म्हणणाऱ्याला कमी श्रद्धेचा ठरवायचे नाही, असे घरात आधीच ठरले पाहिजे.

नातेवाइकांच्या कुजबुजीला माझ्या मते फार किंमत देऊ नये. नव्या करारात अक्विला आणि प्रिस्किल्ला या तंबू बनवणाऱ्या दांपत्याचा उल्लेख अनेकदा प्रिस्किल्लेचे नाव आधी घेऊनच येतो, आणि प्रेषित पौलाला त्यात काही वावगे वाटलेले दिसत नाही. खरी अडचण वेगळी आहे. पत्नीच्या परवान्यावर अवलंबित म्हणून गेलेल्या व्यक्तीला तिथे काम करता येत नाही; केनियात शाळेत शिकवायचे तर शिक्षक म्हणून तिथल्या टीचर्स सर्व्हिस कमिशनकडे नोंदणीही करावी लागते. म्हणून आताच धर्मप्रांताला लिहा, आणि गणिताचा शिक्षक त्यांना कुठे उपयोगी पडेल, तसा उल्लेख निमंत्रणपत्रात करून स्वतंत्र परवान्यासाठी अर्ज करता येईल का, हे विचारा. उत्तर नकारार्थी आले तर तीन वर्षे स्वयंपाक, मुलांचा अभ्यास आणि बाजारहाट हेच तुमचे काम असेल. ते काम कमी प्रतीचे नाही. पण रोज आठ तासिका घेणाऱ्या माणसाला 'तुमचे मिस्टर काय करतात?' हा प्रश्न पत्नीला विचारला जाताना शेजारी उभे राहून ऐकावा लागतो, आणि त्याची सवय इथूनच करून जावे.

आता आईंचा प्रश्न. 'देव पाहून घेईल' हे त्याचे उत्तर असू नये. त्यांच्याशी बसून बोला आणि ज्या गोष्टी बोलायला जड जातात त्याच आधी बोला : आजारपणात निर्णय कोण घेणार, दवाखान्याचा खर्च कोणत्या खात्यातून होणार, आणि त्यांचे निधन झाले तर माती तुमच्यासाठी थांबवायची की नाही. मुंबई ते नैरोबी थेट विमानाने सुमारे सहा तास लागतात, परंतु किनाऱ्यावरच्या गावातून नैरोबी गाठणे, तिकीट मिळणे आणि मुंबईहून पुन्हा गावी पोहोचणे यात सहज दोन दिवस जातात. पुष्कळ आईवडील स्वतःच सांगतात, "थांबू नका, आठवड्याने या आणि स्मरणार्थ प्रार्थनासभा घ्या." हे त्यांच्या तोंडून आधी ऐकलेले असले तर नंतर भावंडांत वाद होत नाही आणि मनात टोचणीही राहत नाही. एका माणसाच्या तातडीच्या जाण्यायेण्याच्या तिकिटाचे पैसे वेगळे ठेवा. शेतजमीन असेल तर सातबाऱ्यावरची वारसनोंद पूर्ण करून घ्या, ई-पीक पाहणी कोण करणार ते ठरवा आणि विश्वासातल्या व्यक्तीच्या नावे मर्यादित अधिकारांचे नोंदणीकृत मुखत्यारपत्र करा. सर्वाधिकार देणारे मुखत्यारपत्र भावाच्या नावे केल्यामुळे भाऊबंदकी उभी राहिल्याची उदाहरणे ख्रिस्ती कुटुंबांतही कमी नाहीत. प्रत्येक खात्यावर नामनिर्देशन असावे, आणि तुम्ही दोघांनीही मृत्युपत्र करावे. मुलांचा पालक कोण, हे त्यात लिहिलेले असावे.

तुम्ही कोणत्या भूमीत जात आहात याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण तिथे जाऊन आपण कोण ठरणार आहोत, याचा अंदाज नसल्याने होणारे नुकसान हिवतापाइतकेच खरे आहे. केनियाच्या २०१९ च्या जनगणनेत सुमारे ८५ टक्के लोकांनी स्वतःला ख्रिस्ती म्हणून नोंदवले आहे. आपल्या जिल्ह्यात मंडळी मूठभर असते. तिथे किनाऱ्यावर मुस्लिम वस्ती मोठी असली तरी देश म्हणून पाहता तुम्ही अल्पसंख्याक समाजातून बहुसंख्याक ख्रिस्ती समाजात जात आहात. तेथील मंडळीला सुवार्ता सांगायला कोणी भारतातून यावे, अशी तिची गरज नाही. तिला प्रसूती विभागात शिकलेले हात हवे आहेत. तेव्हा जाताना मनात 'शिकवायला' हा शब्द ठेवू नका. रुग्णालयाची मेट्रन, धर्मप्रांताचे बिशप, स्थानिक पाळक यांच्या हाताखाली तीन वर्षे काढायची आहेत, आणि प्रसंगी तुम्हाला चुकीचा वाटणारा निर्णयही पाळायचा आहे. १९१० मध्ये एडिंबरा येथील जागतिक मिशनरी परिषदेत आपले भारतीय पाळक व्ही. एस. अझरिया पाश्चात्त्य मिशनरींना उद्देशून म्हणाले होते की तुम्ही आम्हाला पुष्कळ काही दिलेत, आता आम्हाला मित्र द्या. ते वाक्य आपण ऐकवत आलो. आता आपणच बाहेर जाऊ लागलो आहोत, तेव्हा ते ऐकून घेण्याची पाळी आपली आहे.

किनाऱ्यावरच्या त्या मंडळीचा नाशिकशी जुना संबंध आहे आणि तो फार थोड्या मराठी ख्रिस्ती लोकांना ठाऊक आहे. एकोणिसाव्या शतकात गुलामांच्या गलबतांतून ब्रिटिश आरमाराने सोडवलेली पूर्व आफ्रिकेतील मुले मुंबईला आणली जात. त्यांतील अनेकांना चर्च मिशनरी सोसायटीने नाशिकजवळच्या शरणपूर येथे शिकवले, सुतारकाम-लोहारकाम दिले आणि बाप्तिस्मा दिला. १८६४ मध्ये विल्यम जोन्स, इश्माएल सेम्लर आणि जॉर्ज डेव्हिड हे शरणपूरचे तरुण मोंबासाजवळच्या राबाई येथे कामाला गेले. पुढे १८७५ च्या सुमारास मोंबासा बेटासमोर मुक्त केलेल्या गुलामांसाठी फ्रेअरटाउन वसवले गेले, त्याला मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रेअर यांचे नाव दिले, आणि तिथेही नाशिकहून गेलेले लोक होतेच. आफ्रिकेतील मिशनरी-संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या निधनानंतर त्यांच्या दफनविधीची प्रार्थना वाचणारे आणि १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत त्यांच्या शवपेटीला खांदा देणारे जेकब वेनराइट हेही शरणपूरचेच विद्यार्थी. फ्रेअरटाउनची घंटा मोंबासात अजून आहे. ती जिथे आहे तो चौक 'केंगेलेनी', म्हणजे 'घंटेपाशी', म्हणूनच ओळखला जातो. पहिल्या महिन्यात मुलांना घेऊन ती पाहून या. मंडळीत ओळख करून देताना 'आम्ही भारतातून मदतीला आलो' याऐवजी 'तुमच्या पूर्वजांपैकी काही जण ज्या नाशिकला शिकले त्या बाजूचे आम्ही' असे म्हणता आले तर संभाषणाचा सूरच बदलेल.

तो सूर बदलण्याची गरज अशासाठी की तिथे 'मुहिंदी', म्हणजे भारतीय माणूस, म्हटला की लोकांच्या डोळ्यांसमोर मिशनरी येत नाही, दुकानदार किंवा मालक येतो. १८९६ ते १९०१ या काळात मोंबासाहून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत रेल्वे बांधायला हजारो भारतीय मजूर गेले. त्यांच्या मागे-पुढे व्यापारी गेले, आणि आज मोठ्या बाजारपेठांत भारतीय वंशाच्या कुटुंबांचे व्यवसाय आहेत. २०१७ मध्ये सरकारने या समाजाला देशातील ४४ वी जमात म्हणून मान्यता दिली. तरीही भारतीय लोक आफ्रिकी नोकराला एका पेल्यातून पाणी देत नाहीत, ही तक्रार तिथे ऐकू येते, आणि ती ऐकून आपल्याला आपलेच गाव आठवावे. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी वेगळा पाणवठा सोसला, त्यांच्याच घरात मुलीसाठी 'गोरी हवी' अशी जाहिरात लिहिली जाते. हे मन बदलायला विमानतळ ही जागा नव्हे. घरात काळ्या रंगावरून होणारे विनोद आजच बंद करा. मुले ते घेऊन जातात आणि शाळेत बोलून मोकळी होतात.

भाषा शिका. रुग्णालयातील नोंदी इंग्रजीत असल्या तरी कळा देणारी बाई स्वाहिलीतच ओरडते. निघण्याआधी किमान नमस्कार, नाती, शरीराचे अवयव, वेदना आणि वेळ यांचे शब्द यायला हवेत. हेसाबु, किताबु, गारी, दुका, चपाती असे शब्द भेटले की बरे वाटेल, पण त्या भरवशावर व्याकरण सोडू नका. वेळेच्या बाबतीत विशेष सावध राहावे : स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात, म्हणून सकाळचे सात म्हणजे 'सा मोजा', अर्थात पहिला तास. औषधाची वेळ सांगताना यात गफलत झाली तर परिणाम तुमच्या पत्नीला निस्तरावे लागतील.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात. केनियात धार्मिक आणि धर्मादाय कामासाठी 'आय' वर्गाचा परवाना असतो आणि नोकरीसाठी 'डी' वर्गाचा. कोणत्या वर्गात अर्ज होणार हे बोलावणाऱ्या संस्थेने लेखी कळवावे आणि परवाना हाती येईपर्यंत तुम्ही राजीनामा, रजा, घर रिकामे करणे यांपैकी काहीही करू नये. पत्नीला तिथल्या नर्सिंग कौन्सिलची नोंदणी लागेल. त्यासाठी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडून सद्वर्तनाचे प्रमाणपत्र मागवावे लागेल आणि येथील नोंदणीच्या नूतनीकरणाची तारीख या तीन वर्षांत येत असेल तर त्याची सोय करून जावे लागेल. पोलीस पडताळणी प्रमाणपत्र पासपोर्ट कार्यालयामार्फत मिळते. तुमच्यापैकी जो परदेशी नोकरीसाठी जातो त्याने बँकेला कळवून बचत खाते अनिवासी स्वरूपाचे करून घ्यायचे असते. हे न करता बरेच जण जातात आणि परतल्यावर बँकेत हेलपाटे घालतात.

आरोग्याच्या बाबतीत दोन गोष्टींवर जोर देतो. पिवळ्या तापाची लस केवळ सरकारमान्य केंद्रातच मिळते आणि तिचे पिवळे प्रमाणपत्र लस घेतल्यापासून दहा दिवसांनी ग्राह्य धरले जाते. ते आजन्म चालते. केनियातून भारतात परतताना ते मागतात, आणि नसेल तर विमानतळावरून थेट विलगीकरणात जावे लागू शकते. कोणी म्हणाले की मोंबासाकडे तो ताप नसतो, तरी लस घ्याच. अंड्याची ॲलर्जी, गरोदरपण किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारा आजार असेल तर डॉक्टरांना आधी सांगावे. दुसरी गोष्ट हिवताप. नैरोबीच्या उंचीवर तो कमी आढळतो, किनाऱ्यावर मात्र आहे, आणि तिथला बहुतेक फाल्सिपॅरम जातीचा, म्हणजे एका दिवसात लहान मुलाला अत्यवस्थ करणारा असतो. औषध लावलेली मच्छरदाणी, प्रतिबंधक गोळ्यांबाबत डॉक्टरांचा लेखी सल्ला, आणि ताप आला की त्याच दिवशी रक्ततपासणी, यात 'उद्या बघू' चालत नाही. गावी सुटीवर आल्यावरही महिन्या-दोन महिन्यांत ताप भरला तर डॉक्टरांना आफ्रिकेतून आल्याचे आपणहून सांगा. इथे तो डेंग्यू समजून वेळ जातो. वैद्यकीय विमा घेताना आजारी माणसाला विमानाने हलवण्याचा खर्च त्यात धरला आहे का, ते पाहा.

मुलीची शाळा हा मला सर्वांत नाजूक भाग वाटतो. केनियात शालेय वर्ष जानेवारीत सुरू होते, त्यामुळे जूनमध्ये गेलात तर ती वर्गाच्या मध्येच पोहोचेल. तीन वर्षांनी ती परत येईल तेव्हा नववी-दहावीच्या उंबरठ्यावर असेल आणि महाराष्ट्रातील शाळांत मराठी सक्तीची आहे. तुम्ही शिक्षक आहात, शिवाय तुमच्याकडे वेळही असेल; रोज एक तास तिच्यासोबत मराठी वाचन-लेखन आणि तिच्या इयत्तेचे इथले गणित ही तुमची स्वतःची तासिका समजा. तिला निर्णयात सामील करून घ्या. अकरा-बारा वर्षांची मुलगी प्रार्थनासभेत 'आमेन' म्हणते आणि रात्री उशीत तोंड खुपसून रडते, हे अनेक घरांत घडते.

प्रश्न : मी २४ वर्षांचा असून पदवीधर आहे. देवाने मला आफ्रिकेत सुवार्तेसाठी पाचारण केले आहे, अशी माझी खात्री आहे. एका ओळखीच्या प्रचारकाने केनियात पर्यटक म्हणून यावे, पुढचे तो पाहील, असे कळवले आहे. पाळकसाहेब परवानगी देत नाहीत. काय करावे?
— एक तरुण वाचक, पुणे

उत्तर : पाळकसाहेबांचे ऐकावे. जानेवारी २०२४ पासून केनियाने व्हिसाऐवजी ऑनलाइन प्रवास-परवानगी सुरू केली आहे. जाणे सोपे झाले म्हणून तिच्यावर राहून काम करणे कायदेशीर होत नाही. अर्जात 'पर्यटन' लिहून व्यासपीठावर उभे राहणारा माणूस सत्याची साक्ष देण्याआधीच खोटे बोललेला असतो. शिवाय किनाऱ्याकडच्या किलिफी काउंटीत २०२३ मध्ये शाकाहोलाच्या जंगलातून चारशेहून अधिक मृतदेह काढले गेले. ते एका स्वयंघोषित प्रचारकाच्या सांगण्यावरून उपाशी राहिलेल्या अनुयायांचे होते. त्यानंतर कोणत्याही मंडळीशी बांधील नसलेल्या उपदेशकांकडे तेथील अधिकारी आणि सामान्य माणसे संशयाने पाहतात, आणि ते योग्यच आहे. बायबलमध्ये अंत्युखियाच्या मंडळीने उपवास व प्रार्थना करून, हात ठेवून बर्णबा आणि शौल (म्हणजेच पौल) यांना पाठवले. ते स्वतःहून कोणाच्या निरोपावर निघाले नाहीत.

तुमच्या खात्रीचा मी अनादर करत नाही. तिची परीक्षा मात्र जवळच होऊ शकते. दोन वर्षे आपल्या धर्मप्रांतातील एखाद्या आदिवासी भागात, तुमची बोली ज्यांना कळत नाही अशा लोकांत, कोणत्याही मंचाशिवाय राहा. वसतिगृहाचा हिशेब लिहा, आजाऱ्याला तालुक्याच्या दवाखान्यात न्या, पाळकांनी न बोलावता कधी उपदेशाला उभे राहू नका. त्यानंतरही मनात आफ्रिका असेल आणि ज्या लोकांत राहिलात त्यांनीच तुमच्यासाठी शिफारस लिहिली, तर पाळकसाहेब मग नाही म्हणणार नाहीत. ज्या प्रचारकाने पैसे किंवा कागदपत्रे मागितली असतील त्याला ती पाठवू नका.

प्रश्न : आमच्या मंडळीने एका कुटुंबाला परदेशी सेवेसाठी दरमहा साहाय्य करायचे ठरवले आहे. मंडळी सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली आहे. पैसे कसे पाठवावेत, आणि त्यांच्याकडून अहवाल किती वेळा मागावा?
— एक खजिनदार, नाशिक जिल्हा

उत्तर : न्यासाच्या खात्यातून थेट परदेशी पैसे पाठवू नका. आयकरात सवलत घेणाऱ्या धर्मादाय न्यासाने भारताबाहेर केलेला खर्च, प्रत्यक्ष कर मंडळाची विशेष मान्यता नसेल तर, न्यासाच्या उद्दिष्टांवरचा खर्च म्हणून सहसा धरला जात नाही, आणि त्याचा फटका संपूर्ण वर्षाच्या हिशेबाला बसू शकतो. सभासद कुटुंबांनी आपल्या वैयक्तिक खात्यातून रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेखाली देणगी पाठवणे कायदेशीर आहे. ती मर्यादा माणशी, आर्थिक वर्षाला अडीच लाख अमेरिकी डॉलर इतकी आहे, म्हणजे आपल्या मंडळ्यांना ती कधी आड येणार नाही. तुमच्या न्यासाची घटना चार्टर्ड अकाउंटंटला दाखवून लेखी मत घ्या आणि ते इतिवृत्ताला जोडा. उलट बाजूने, परदेशातील मित्रांनी या कुटुंबासाठी म्हणून तुमच्या न्यासाच्या खात्यात पैसे टाकणे हा परकीय योगदानाच्या कायद्याखालचा विषय आहे. नोंदणी नसेल तर एक रुपयाही स्वीकारू नका.

अहवाल तीन महिन्यांतून एकदा पुरे. दर रविवारी व्हॉट्सॲपवर फोटो मागणाऱ्या मंडळ्या आहेत, आणि त्यांना खूश ठेवण्यासाठी वॉर्डातील बाळंतिणीचे, उघड्या मुलांचे फोटो काढणारे सेवकही आहेत. केनियात व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०१९ पासून आहे. तो नसता तरी आपल्या बहिणीचा असा फोटो नैरोबीच्या चर्चमध्ये दाखवलेला आपल्याला चालला नसता. पत्र मागा, फोटो मागू नका. आणि 'किती जणांचा बाप्तिस्मा झाला' हा रकाना अहवालाच्या नमुन्यातून काढून टाका, कारण नर्सला पाठवून तिच्याकडून तो आकडा मागणे म्हणजे तिला रुग्णांशी अप्रामाणिक वागायला लावणे होय.

बजेट करताना दरमहाच्या रकमेखेरीज तीन गोष्टी धरा : वर्षाचा वैद्यकीय विमा, मधल्या सुटीचे एक येणे-जाणे, आणि परतल्यानंतरच्या तीन महिन्यांचा घरखर्च. शेवटचा खर्च बहुतेक मंडळ्या विसरतात. कुटुंब परत येते, स्वागताला हार आणि भाषणे असतात आणि पुढच्या महिन्यापासून काहीच नसते. त्यांना आल्या आल्या गावोगावी साक्ष द्यायला फिरवू नका. आधी डॉक्टरकडे तपासणी, मुलांचे शाळाप्रवेश आणि झोप होऊ द्या. कोणी मुदतीआधी परतले तरी वागणूक हीच असावी. योहान मार्क अर्ध्यातून परतला तेव्हा पौल रागावला, पण पुढे त्यानेच तीमथ्याला लिहून मार्काला बोलावून घेतले. परतीच्या तिकिटांची रक्कम पहिल्याच महिन्यात वेगळ्या मुदत ठेवीत ठेवा, आणि दुसऱ्या वर्षी चर्चच्या छताचे काम निघाले तरी तिला हात लावायचा नाही, असा ठराव आताच्याच बैठकीत मंजूर करून घ्या.